पडद्यावरची सखू, घराबाहेरची रतन

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली प्रदर्शित झाला आणि पुण्यात तो जवळजवळ अडीच वर्षे मुक्काम ठोकून राहिला. संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गीते गदिमांची, संगीत वसंत पवारांचे आणि पडद्यावर एका दुसऱ्याच बाईची मुलगी आपली म्हणून वाढवणारी तमासगीर चिमा. पुण्या-कोल्हापुरापासून खामगाव-मलकापूरच्या कापूसपेठांपर्यंत मराठी चित्रपटाचा जो प्रेक्षक पसरलेला होता, त्याला चिमा साकारणारी नटी नवी नव्हती. तो तिला संत सखू म्हणून ओळखत होता, रामजोशींची बया म्हणून ओळखत होता. हंसा वाडकर हे नाव जाहिरातीत असले की खेळाला गर्दी होणार, हे वितरकांना पाठ होते. त्या वेळी हंसाबाईंचे वय छत्तीस होते आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांना तेवीस वर्षे झाली होती. या तेवीस वर्षांत त्यांना एकच गोष्ट मनापासून हवी होती आणि तेवढीच मिळाली नव्हती. ती गोष्ट म्हणजे चित्रपट सोडून घरी बसण्याची मुभा.

हे वाक्य आज वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. अभिनेत्रीच्या आयुष्यातील ओढाताण म्हटली की आपल्याला लग्नानंतर काम सोडायला लावलेली बाई आठवते. सासरच्यांना नको म्हणून, नवऱ्याला आवडत नाही म्हणून, मूल झाले म्हणून घराच्या उंबऱ्याआत परतलेल्या नट्यांची उदाहरणे मराठीत आणि हिंदीत कितीतरी सापडतात. हंसाबाईंची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांना घरात राहायचे होते आणि घरानेच त्यांना रोज सकाळी स्टुडिओत पाठवले. कारण घर त्यांच्यावर चालत होते.

त्यांचे मूळ नाव रतन. रतन भालचंद्र साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईचा. पण बालपणाचा काळ सावंतवाडीच्या मातीतला. घराणे कलावंतिणींचे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळाशी, दरबाराशी आणि धनिकांच्या आश्रयाशी बांधलेल्या या समाजातील स्त्रियांनी गाणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. हिंदुस्थानी संगीतातील आणि मराठी रंगभूमीवरील कितीतरी मोठी नावे याच समाजातून आली. मात्र समाजाने गाणे डोक्यावर घेतले आणि गाणारीला उंबऱ्याबाहेर ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी या घरांतून एक नवी आकांक्षा वाढू लागली होती, ती म्हणजे रीतसर लग्नाची. गळ्यात मंगळसूत्र, दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी, मुलांना बापाचे आडनाव. इतरांना जे न मागता मिळते, ते या घरातल्या मुलींसाठी एका पिढीच्या धडपडीचे फळ होते. रतनच्या आईवडिलांनी रीतसर लग्न केले होते. त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर संसार हा दागिन्यासारखा होता. हे ध्यानात घेतले नाही तर तिचे पुढचे निर्णय कळत नाहीत.

साळगावकरांची पूर्वीची सुबत्ता सरली होती. वडिलांना व्यसन होते, मिळकत अनिश्चित होती. कुटुंब मुंबईत आले आणि पोट कसे भरायचे हा प्रश्न उभा राहिला. आत्या आणि मावश्यांच्या गोतावळ्यात गाणे-नाटक होतेच. इंदिराबाई वाडकर चित्रपटात काम करीत होत्या. शाळेत जाणाऱ्या रतनला कोणी विचारले नाही. मामा वरेरकरांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटासाठी तिला उभे करण्यात आले आणि १९३६ साली तो पडद्यावर आला. साळगावकर हे आडनाव सिनेमाच्या जाहिरातीत नको, म्हणून वाडकर हे आडनाव घेण्यात आले. रतनची हंसा झाली. घराण्याची अब्रू राखण्यासाठी आडनाव बदलायचे आणि घराण्याचा खर्च चालवण्यासाठी मुलीला सिनेमात पाठवायचे, यातली विसंगती त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही. तेराव्या वर्षी ती कुटुंबाची कर्ती झाली.

याच सुमारास मराठी समाजात सिनेमातल्या बाईकडे पाहण्याची दृष्टी थोडी थोडी बदलत होती, हेही लक्षात घ्यावे लागते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, तेव्हा पडद्यावर स्त्रीने येणे हेच धाडस होते. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, लवकर विधवा झाल्या आणि रंगभूमीच्या बळावर त्यांनी तीन मुलगे वाढवले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामतीच्या रूपाने दुर्गा खोटे आल्या. सॉलिसिटरची मुलगी, इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, श्रीमंत घराची सून. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली म्हणून आणि पदरी दोन मुलगे होते म्हणून त्या कामाला बाहेर पडल्या. लीला चिटणीस यांनाही मुलांची जबाबदारी होती. या बायकांनी सोसले नाही असे नाही. दुर्गाबाईंच्या पहिल्या लहानशा भूमिकेवरून उठलेले काहूर प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या पाठीशी शिक्षण होते, माहेर होते, करारावर सही करताना तो वाचण्याची क्षमता होती. हंसाबाईंपाशी यातले काहीच नव्हते. शाळा अर्धवट सुटलेली, आणि माहेरला पोसण्याचा भार तर तिच्याच शिरावर.

जगन्नाथ बंदरकर हे घराच्या ओळखीतले, वयाने हंसाबाईंहून बरेच मोठे. कुटुंबाच्या अडचणीच्या काळात त्यांची ये-जा वाढली. लहानपणापासून पाहिलेल्या या माणसाविषयी तिच्या मनात ओढ, धाक आणि कृतज्ञता अशी सरमिसळ होती. आईचा या लग्नाला विरोध होता. त्या विरोधात माया किती आणि मिळवती मुलगी हातची जाण्याची धास्ती किती, हे वेगळे करणे कठीण आहे. पंधराव्या वर्षाच्या आसपास, आईशी भांडून, हंसाबाईंनी लग्न केले. आता काम सोडायचे, स्वयंपाकपाणी करायचे, मुले वाढवायची, असे त्यांनी ठरवले होते.

ते झाले नाही. बंदरकरांना पत्नीच्या मिळकतीची गरज होती. त्यांचे उद्योगधंदे फारसे बसले नाहीत. पत्नीचे करार ठरवणे, निर्मात्यांशी बोलणे, पैसे घेणे हेच मग त्यांचे काम झाले. घरात दोन ओढी सुरू झाल्या. एकीकडे तिने काम थांबवता कामा नये, दुसरीकडे ती काम करते म्हणून तिच्यावर सतत संशय. कोणाबरोबर हसली, कोणाच्या गाडीतून आली, उशीर का झाला. ज्या पुरुषांबरोबर काम करायला स्वतः पाठवायचे, त्यांच्याच नावाने रात्री जाब विचारायचा. हंसाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हा भाग फार साध्या शब्दांत सांगितला आहे, आणि साधेपणामुळेच तो अंगावर येतो. त्यांना मुलगी झाली. त्यानंतरची गर्भारपणे त्यांच्या इच्छेविरुद्ध संपवण्यात आली, असेही त्यांनी त्यात नोंदवले आहे. मूल म्हणजे कामात खंड आणि खंड म्हणजे पैसा बंद, असा तो हिशेब होता. वर संशयाचे विष होतेच. मुले हवीत, घर भरलेले असावे, असे वाटणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आले.

कामात मात्र प्रगती होत होती. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशु राय यांनी शिस्तीचा कारखाना उभा केला होता. नट-नट्या मासिक पगारावर, वेळेवर हजेरी, जर्मन तंत्रज्ञ, सारे काटेकोर. ‘नवजीवन’ (१९३९) या तिथल्या चित्रपटात हंसाबाईंना नायिकेची भूमिका मिळाली. हिंदीत स्थिरावण्याची ती संधी होती. तरीही त्यांचा खरा सूर मराठीतच लागला, आणि तो पुण्याच्या प्रभातमध्ये.

१९४१ चा ‘संत सखू’ हा दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचा चित्रपट. कऱ्हाडच्या सखूची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. सासू-सासऱ्यांनी, नवऱ्याने छळलेली, राबवलेली सून पंढरीच्या वारीची आस धरते आणि तिला खांबाला बांधून ठेवल्यावर विठ्ठल स्वतः तिच्या रूपाने घरकामाला उभा राहतो. प्रभातने ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ यांच्यानंतर हा विषय घेतला, तेव्हा प्रेक्षकांची अपेक्षा फार वाढलेली होती. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी सखू उभी केली ती अश्रूंच्या भांडवलावर नव्हे. सखूच्या चेहऱ्यावर एक निमूट, न मोडणारा हट्ट होता. हा हट्ट कुठून आला, हे प्रेक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सखूला घरातून सुटून देवाकडे जायचे होते आणि सखू करणारीला घरात जाऊन बसायचे होते. दोघींनाही अडवणारे लोक मात्र घरचेच होते.

चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके हंसा वाडकर या नावापुढे ‘संत सखू’ लिहितात आणि तिथून सहा वर्षांची उडी मारून ‘लोकशाहीर रामजोशी’वर येतात. मधल्या काळातील चित्रपट आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि ते सारे स्मरणात राहावेत अशा योग्यतेचे होते असेही नाही. मिळेल ते काम घ्यायचे, कारण न घेण्याचा निर्णय आपल्या हाती नाही, अशी स्थिती असली की कलावंताच्या कारकिर्दीचा आलेख असाच होतो. मोठ्या भूमिकेची वाट पाहत थांबणे ही चैन आहे. ती हंसाबाईंना परवडणारी नव्हती.

‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ साली आला. व्ही. शांतारामांच्या राजकमलचा चित्रपट, दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम या दोघांचा हात, गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत. सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातला रामजोशी तमाशाच्या फडावर उभा राहतो आणि जातीबाहेर टाकला जातो, ही त्याची कथा. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसाबाई बया झाल्या. पांढरपेशा मराठी प्रेक्षकाने तोवर तमाशाला चार हात दूर ठेवले होते. या चित्रपटाने तो चित्रपटगृहाच्या खुर्चीत बसून पाहण्याची सोय केली आणि मराठीत तमाशापटांची मोठी लाट आली. ती पुढे पंचवीस-तीस वर्षे ओसरली नाही. बया ठसकेबाज आहे, पण थिल्लर नाही. तिच्या नजरेत बोलावणे आहे आणि अंतरही आहे. नंतरच्या तमाशापटांतील कितीतरी नायिकांनी ठसका उचलला, अंतर विसरल्या. हंसाबाईंनी स्वतः १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांड्यांबरोबर पुन्हा तमाशाच्या वातावरणातली स्त्री रंगवली, तेव्हाही ते अंतर राखले होते.

कीर्ती वाढत होती आणि घर मोडत होते. एका भांडणानंतर त्या घराबाहेर पडल्या आणि जोशी नावाच्या एका माणसाबरोबर गेल्या. तो त्यांना मराठवाड्यातल्या आडबाजूच्या आपल्या गावी घेऊन गेला. तिथे त्या त्याची तिसरी बायको म्हणून राहिल्या. डोईवर पदर, चूल, गडीमाणसे, वाड्याच्या भिंती. वरवर पाहिले तर हे सारे त्यांनी मागितले होते तसेच होते. नटी नाही, घरची बाई. पहिल्या काही दिवसांत तर त्यांना तसे समाधानही वाटले असावे. त्यांच्या कथनातून ते जाणवते. पण वाड्याचे दार आतून उघडत नव्हते. बाहेर जायला परवानगी नाही, मुंबईशी संबंध नाही, मुलीची भेट नाही. सुमारे तीन वर्षे अशी गेली. पडद्यावर हजारो लोकांनी पाहिलेला चेहरा एका गावाच्या घुंघटाआड नाहीसा झाला आणि कोणालाही फारसे आश्चर्य वाटले नाही. सिनेमातल्या बायका अशाच कुठे तरी जातात, असे लोकांना वाटत असावे.

अखेर त्यांनी चोरून नवऱ्याला निरोप धाडला. बंदरकर पोलिसांना घेऊन आले आणि त्यांची सुटका झाली. सुटका हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. कागदपत्रांच्या निमित्ताने ज्या दंडाधिकाऱ्यासमोर त्यांना नेण्यात आले, त्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला, असे हंसाबाईंनी आत्मकथनात नोंदवले आहे. एका घरातून निघून दुसऱ्या घराच्या भिंतीत अडकलेली आणि तिथून कायद्याच्या दारात गेलेली ही बाई शेवटी पुन्हा त्याच नवऱ्याच्या घरी परतली, जिथून ती पळाली होती. परतली ती पुन्हा कामासाठी. सावरायला अवधी मिळाला नाही.

यानंतरच्या दशकात त्यांनी जे काम केले, ते पाहता या बाईची ताकद थक्क करते. भालजी पेंढारकरांचा ‘नायकिणीचा सज्जा’ (१९५७) आणि त्यानंतर ‘सांगत्ये ऐका’. कलावंतिणीच्या घरातून बाहेर पडून गृहिणी होण्याची आस धरलेल्या स्त्रीला चित्रपटसृष्टीने वारंवार नायकीण आणि तमासगीर केले, यात दैवाचा भाग किती आणि व्यवसायाच्या सवयीचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. एकदा चाललेला साचा निर्माते मोडत नाहीत. ‘सांगत्ये ऐका’च्या प्रचंड यशाचा एक परिणाम असा झाला की, त्यात लावणीवर नाचणाऱ्या तरुण जयश्री गडकर एका रात्रीत पुढच्या पिढीच्या तारका झाल्या. चिमा करणाऱ्या हंसाबाई आईच्या भूमिकांच्या वयात ढकलल्या गेल्या. नायिकेचे आयुष्य किती अल्प असते, याचा हिशेब मिळवत्या मुलीच्या जिवावर जगणाऱ्या घरांनी कधीच केलेला नसतो.

मद्य त्यांच्या आयुष्यात केव्हा आले आणि कधी मुक्कामाला राहिले, हेही त्यांनी लपवले नाही. उत्तरकाळात बंदरकरांचे घर कायमचे सुटले. रंगभूमीवरचे कलावंत राजन जावळे यांच्या सहवासात त्यांची अखेरची वर्षे गेली. या नात्याला नाव नव्हते, कायद्याचा आधार नव्हता. पण त्यात रोजचा जाबही नव्हता. मुलगी दुरावली. ज्या मुलीसाठी आपण सारे सोसले, असे त्या स्वतःला सांगत आल्या, तिच्या घराचे दार त्यांच्यासाठी मोकळे उरले नाही, ही खंत त्यांच्या कथनाच्या तळाशी सतत वाहत राहते. तरुण वयात पैसा भरपूर आला होता. तो कोणी खर्च केला, कशावर गेला, याचा हिशेब त्यांच्या हाती कधीच नव्हता. प्रकृती ढासळली तेव्हा गाठीशी फारसे काही उरले नव्हते.

आणि तरीही मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम याच पडत्या काळातले आहे. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकात हंसा वाडकर यांची जीवनकहाणी प्रसिद्ध होऊ लागली. त्यांनी सांगितले आणि तरुण पत्रकार अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवले. १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने आणले. नाव त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे, ‘सांगत्ये ऐका’. मराठीत स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. मात्र ते संसार समाजाला मान्य असलेले आणि बहुतांशी थोर पतीच्या प्रकाशात उजळलेले. हंसाबाईंनी प्रथमच असा संसार सांगितला, जो मोडला. असे शरीर सांगितले, ज्यावर दुसऱ्यांचा हक्क होता. आणि अशी बाई सांगितली, जी आपल्या चुका दुसऱ्याच्या माथी मारत नाही. लीला चिटणीस, दुर्गा खोटे, शांता हुबळीकर यांची आत्मचरित्रे नंतरची. त्यांच्या आधी हंसाबाईंनी वाट मोकळी केली होती, हे फारसे बोलले जात नाही.

पुस्तकावर त्या काळी दोन तऱ्हांनी बोलले गेले. काहींना ते धाडस वाटले, काहींना चव्हाट्यावरची धुणी. दुसऱ्या गटाचा आक्षेप विचारात घ्यावा असा नाही असे नव्हे. जिवंत माणसांविषयी एका बाजूने सांगितलेली ती हकीकत होती, आणि दुसरी बाजू कागदावर कधी आली नाही. पण पुस्तक वाचताना जाणवते ते हे की, हंसाबाई स्वतःसाठी सहानुभूती मागत नाहीत. नवऱ्याविषयीही त्यांच्या मनात शेवटपर्यंत निखळ द्वेष दिसत नाही. ज्याने छळले त्याच्याकडेच संकटात निरोप धाडणाऱ्या बाईचे मन सरळ रेषेत चालणारे नव्हते, आणि तसे भासवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. लेखन तयार करणाऱ्या साधूंनीही तिच्या बोलण्याला तात्पर्याची झालर लावली नाही, हे त्यांचे मोठेपण. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या लेखकाची ही सुरुवातीच्या काळातली कामगिरी आहे.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हंसाबाई फार काळ राहिल्या नाहीत. २३ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्यानंतर सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी बेनेगल यांच्यासह पटकथा लिहिली. हंसा तिथे उषा झाली. तिला सिनेमात आणणारा, तिच्याशी लग्न करणारा आणि तिच्या मिळकतीवर जगणारा केशव दळवी अमोल पालेकरांनी रंगवला, तर तिला वाड्यात कोंडणारा काळे अमरीश पुरींनी. तोवर मध्यमवर्गाचा लाडका, निरुपद्रवी नायक असलेल्या पालेकरांना या भूमिकेसाठी निवडणे ही बेनेगल यांची मर्मदृष्टी होती. केशव हा पडद्यावर ओळखू येणारा खलनायक नाही, शेजारच्या घरात राहणारा माणूस आहे. उषा झाल्या स्मिता पाटील. त्या वेळी त्यांचे वय बाविशीच्या आसपास. फुगडी घालणाऱ्या पोरीपासून थकलेल्या नटीपर्यंतचा प्रवास त्यांनी असा केला की त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या पटकथेलाही तो मिळाला. पुढे स्मिताबाईंच्याही खासगी आयुष्याची वर्तमानपत्रांनी भरपूर चर्चा केली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर दोनच आठवड्यांनी, त्या गेल्या. त्यांचे वय एकतीस होते.

‘भूमिका’ची उषा पुस्तकातल्या हंसाबाईंपेक्षा थोडी अधिक बंडखोर आहे. सत्तरच्या दशकातील स्त्रीमुक्तीच्या वाऱ्याचा तो परिणाम असावा. चित्रपटाच्या शेवटी विवाहित मुलगी आपल्याकडे राहायला बोलावते, तेव्हा उषा नकार देते आणि एकट्या खोलीत राहते. पुस्तकातल्या हंसाबाईंना असे बोलावणे आले असते तर त्यांनी काय केले असते, याचा अंदाज त्यांचे पुस्तक वाचलेल्या वाचकाला करता येतो. त्यांना खोली नको होती, घर हवे होते. समीक्षकांनी त्यांच्यात स्वतंत्र स्त्रीचा शोध घेतला आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. पण स्वातंत्र्य हा शब्द त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात क्वचितच येतो. येते ती घराची, मुलीची आणि थोड्या शांततेची आठवण.

प्रभातच्या ‘संत सखू’मधली त्यांची छायाचित्रे जुन्या अंकांतून, चित्रपटविषयक प्रदर्शनांतून अजून दिसतात. आत्मकथनाचा काही भाग भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनात गेला आणि संपूर्ण पुस्तक २०१३ साली जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांच्या अनुवादातून ‘यू आस्क, आय टेल’ या नावाने इंग्रजीत आले. मुखपृष्ठावर नाव हंसा वाडकर असेच आहे, घराण्याची अब्रू राखण्यासाठी घेतलेले.